लेकीची लघवीची पिशवी: ऑपरेशन करावं की स्टेम सेलसाठी थांबावं?

मनवाची आई: लेक नऊ वर्षांची, जन्मतः स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट मिटलेला नाही. कॅथेटर घालूनच लघवी काढतो. आता पिशवी आखडलीय, लघवी उलटी चढून उजवी किडनी सुजलीय. डॉक्टर म्हणतात, आतड्याचा तुकडा लावून पिशवी मोठी करू. दिरांनी व्हिडिओ पाठवलाय, परदेशात स्टेम सेलची पिशवी बनवतात म्हणे. थांबावं का?

लिमयेकाका: थांबा की! लहान जिवाची चिरफाड कशाला?

आतडेवाली: काका, किडनी थांबणारे का?

ताई, मलाही हाच आजार, हेच ऑपरेशन झालंय. तो व्हिडिओ बहुतेक अँथनी अटाला या अमेरिकेतल्या सर्जनच्या कामाचा असेल. सात रुग्णांवरचा प्रयोग, 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात स्टेम सेल (वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी) नव्हत्याच! रुग्णाच्याच पिशवीचा तुकडा काढून स्नायूच्या आणि अस्तराच्या पेशी वाढवल्या, साच्यावर लावल्या, आणि सात-आठ आठवड्यांनी तो साचा पिशवीला शिवला. पुढे 10 मुलांवर चाचणी झाली. 2014 मध्ये निकाल आला: पिशवीत म्हणावा तसा फरक नाही, वर गंभीर त्रास झाले ते वेगळेच. गाडी अडते रक्तपुरवठ्यावर. आतड्याचा तुकडा स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट येतो, साच्याला त्या नव्याने फुटाव्या लागतात.

आतडंही काही गुणाचं नाही म्हणा. पिशवीला जोडलं तरी शेंबूड सोडायचं सोडत नाही. रोज सिरिंजने सलाइन आत सोडायचं, ओढायचं. पांढरट धागे येतात. कंटाळा केला की खडे. दरवर्षी सोनोग्राफी, रक्तातलं बायकार्बोनेट (त्यावरून आम्लता कळते) आणि बी-12 तपासायचं. पण माझं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) जागच्या जागी आहे.

लॅबवाला: कुणी ‘स्टेम सेलचं इंजेक्शन देतो’ म्हणून पैसे मागितले, तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार वगैरे सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

मनवाची आई: शाळेत हे सलाइनचं कसं जमवायचं?

आतडेवाली: ते घरी, सकाळी. शाळेत फक्त कॅथेटर. आणि डॉक्टरांना ‘मित्रोफानॉफ’बद्दल विचाराच: अपेंडिक्सची नळी करून बेंबीपाशी वाट काढतात, कॅथेटर तिथूनच जातं. कपडे उतरवायला नकोत. शाळेतल्या संडासात मुलीच्या जातीला ते किती सोयीचं पडतं!