मदत हवी आहे: पोट बिघडलंय, दवाखान्यात न्यावं की थांबावं?

मनीषनगरकर: कालपासून पोट बिघडलं आहे. लग्नातलं जेवण बाधलं असावं. मेडिकलमधून गोळी आणली, फरक नाही. आज रविवार, आमचे डॉक्टर बंद. न्यावं की थांबावं एवढंच सांगा, लवकर.

तर्रीबाज: कोणाचं पोट भाऊ? आणि मेडिकल म्हणजे दुकान की मेडिकल चौकातलं मोठं सरकारी हॉस्पिटल?

महालवाली: ओवा आणि काळं मीठ चावून वरून कोमट पाणी. आमच्याकडे डॉक्टर लागतच नाही बाप्पा.

मनीषनगरकर: बाबांचं. दुकानातून आणली. १०-१२ वेळा झालं, नुसतं पाणी. ओवा झाला, दही-केळं झालं. ओआरएस देतोय, पेल्यात एक पुडी.

नाईट_ड्यूटी: कोणती पुडी? मोठी २१ ग्रॅमवाली १ लिटर पाण्यात टाकायची असते. पेल्यात टाकली तर जुलाब वाढतील. वय? शुगर, बीपी? शेवटची लघवी केव्हा?

तर्रीबाज: पुडीची झंझट कशाला, खोक्यातलं तयार मिळते ना.

नाईट_ड्यूटी: त्यातली बरीचशी गोड सरबतं. २०२५ मध्ये एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) त्यांच्या नावातून ‘ओआरएस’ काढायला लावलं, ते उगाच नाही.

वऱ्हाडी_गडी: मले सावजी खाल्लं का छातीत जळजळते. त्यावर काही हाय का?

महालवाली: वेगळा धागा काढा ना!

मनीषनगरकर: वय ७१. शुगर आहे. बीपीच्या गोळ्यांत एक लघवी जास्त होणारी आहे. आत्ता विचारलं, सकाळनंतर लघवीच नाही म्हणतात. उठलं की भोवळ येते. ताप नाही, रक्त नाही, म्हणून थांबलो होतो.

नाईट_ड्यूटी: ताप-रक्त नसलं तरी आत्ता न्या. मेडिकल किंवा मेयो, जे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल ते. गाडी नसेल तर १०८. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत घ्या. शुगर-बीपीची रात्रीची गोळी तिथल्या डॉक्टरांना विचारूनच. अंगातलं पाणी कमी असताना त्यातल्या काही किडनीला जड जातात. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने नको.

महालवाली: गेलं की सलाईन लावून ठेवूनच घेतात. सकाळपर्यंत वाट पाहा.

तर्रीबाज: ताई, माझ्या मावशीला असंच सकाळपर्यंत ठेवलं होतं. मग ३ दिवस आयसीयू.

महालवाली: प्रत्येकाचं तसंच होते का?

मनीषनगरकर: (रात्री १:१५) मेडिकलमध्ये आहोत, चौकातल्या. दुसरी सलाईन सुरू आहे. क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) वाढलंय, उद्या परत तपासणार. पुडी मोठीच होती. बाबा आत्ता लघवीला जाऊन आले.