मोशन एस्टिमेशन फास्ट करायचंय, डायमंड सर्च आणि थ्रेड्सचं जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, शिकायला म्हणून सी प्लस प्लसमध्ये स्वतःचा छोटा व्हिडिओ एन्कोडर लिहितोय, त्यामुळे "सरळ एक्स२६४ (तयार एन्कोडर) वापर की" हे उत्तर कृपया नको :)

मोशन एस्टिमेशन म्हणजे फ्रेमचा प्रत्येक ब्लॉक आधीच्या फ्रेममध्ये कुठे जुळतो ते शोधणं, आणि तो किती सरकला ते म्हणजे व्हेक्टर. ब्लॉक १६×१६ चे, सर्च रेंज चारी बाजूंना १६ पिक्सेल. आधी फुल सर्च होता, म्हणजे एका ब्लॉकला ३३×३३ = १०८९ जागा, प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या आणि १०८०पी च्या एका फ्रेममध्ये ८१६० ब्लॉक, गुणाकार करून बघा, एकाच फ्रेमला २२७ कोटींच्या वर जातं, मग प्रोग्राम रांगणार नाही तर काय. एसएडीचा (दोन ब्लॉकच्या पिक्सेलमधल्या फरकांची बेरीज) लूप एसएसई२ (एकदम अनेक पिक्सेल हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) मध्ये लिहिला, शिवाय बेरीज चालू असतानाच बेस्टच्या वर गेली की तिथेच सोडून देतो. दोन्हीनी रिझल्ट जरासुद्धा बदलत नाही म्हणून ते ठेवणारच आहे.

खरा घोळ पुढे आहे. डायमंड सर्च (सगळ्या जागा न बघता डायमंडच्या आकारातले थोडेच पॉइंट तपासत सरकणं) टाकला, आधी ९ पॉइंटचा मोठा, मधला पॉइंट सगळ्यात कमी आला की छोटा. शांत सीनला एकदम मस्त. पण कॅमेरा झपकन फिरला की शून्यापासून निघालेला डायमंड जवळच्याच खड्ड्यात अडकतो, खरी जागा १२-१३ पिक्सेल लांब असली तर तिथवर पोचतच नाही आणि रेसिड्युअल (जुळवल्यावर उरलेला फरक) फुगतो. म्हणून डावीकडचा, वरचा आणि वर-उजवीकडचा अशा तीन व्हेक्टरचा मीडियन काढून तिथून सुरुवात केली, एच.२६४ (व्हिडिओ कॉम्प्रेशनचं स्टँडर्ड) मध्ये प्रेडिक्शन असतं तसंच. क्वालिटी सुधारली, पण आता डावा ब्लॉक झाल्याशिवाय पुढचा हलत नाही, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या दोन ब्लॉक मागे ठेवून वेव्हफ्रंट केलं तरी फ्रेमच्या सुरुवातीला आणि शेवटी बरेच थ्रेड नुसते बसून असतात.

मग वाटलं, दोन्ही फ्रेम उभ्या-आडव्या चौथाई करून आधी तिथे फुल सर्च करावा, रेंज ४ वर येते म्हणजे ८१ च जागा, शेजाऱ्याची गरजच नाही, सगळे ब्लॉक एकदम सुटतील. पण तिथे ब्लॉक उरतो ४×४ चा, नॉइज असला की तो भलतीकडेच जुळेल ना? ८×८ घेऊन ओव्हरलॅप करतात का अशा वेळी?

आणि मुख्य अडचण, कॉस्टमध्ये एसएडीबरोबर लॅम्डा (बिट्सना किती वजन द्यायचं तो आकडा) गुणिले व्हेक्टरचे बिट्स पण धरतोय, आणि व्हेक्टर मीडियनपासूनचा फरक म्हणून लिहितो, त्यामुळे ते बिट्स मोजायला शेवटी तोच मीडियन लागतो. म्हणजे फिरून डाव्या ब्लॉकची वाट बघणं आलंच. सर्चपुरता आधीच्या फ्रेममधला त्याच जागेचा व्हेक्टर अंदाज म्हणून धरला आणि खरा मीडियन फक्त शेवटच्या सबपिक्सेल (एका पिक्सेलपेक्षा बारीक) रिफाइनमेंटला वापरला तर चालेल का? सपाट भागात व्हेक्टर विस्कटतील अशी शंका येतेय. कोणी करून बघितलंय का?