मदत हवी आहे: बाबांचा पॉवर टिलर सहा वर्षं बंद आहे, मिरगाआधी चालू करायचाय

नमस्कार मंडळी,

माझं गाव कुडाळ तालुक्यात. बाबांनी २००४ साली जुना पॉवर टिलर विकत घेतला होता. पंधराएक वर्षं घरचे कुणगे (भाताचे लहान वाफे) आणि शेजारच्या चार घरांची चिखलणी त्याच्यावरच झाली. बाबा गेले त्या वर्षापासून तो मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, उभा आहे. मी यंदा गावी राहायला आलोय आणि शेत अर्धलीने न देता स्वतः करायचं ठरवलंय. मिरग लागायला सव्वा महिना आहे.

जो येतो तो सांगतो, "भंगारात घाल आणि महाडीबीटीवर अर्ज कर, नव्याला अनुदान मिळतं." अनुदान मिळतं हे खरं आहे. पण मला हाच टिलर चालू करायचाय. आमचे कुणगे लहान, बांधावरून मोठा ट्रॅक्टर उतरत नाही. टिलर मोडला होता म्हणून बंद पडलेला नाही, चालवणारं माणूस गेलं म्हणून थांबलाय.

टिलर १२ हॉर्सपॉवरचा. आडवं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन, पाण्यावर थंड होणारं, हँडल मारून चालू करायचं. तीन व्ही-बेल्ट, मागे साखळीवर फिरणारा, माती उकरणाऱ्या पात्यांचा रोटर. नावाची पट्टी गंजून वाचता येत नाही आणि पुस्तक वाळवीने खाल्लं.

आत्तापर्यंत फक्त उघडून बघितलंय. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालंय. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारणीने मातीची घरं केली होती, ती काढली. गिअर बॉक्सचा खालचा बोल्ट सैल केला तर आधी कपभर पाणी आलं आणि मग दूध जास्त पडलेल्या चहासारखं ऑइल. इंजिनचं ऑइल मात्र काळं पण स्वच्छ दिसतंय.

मुख्य अडचण अशी की इंजिन फिरतच नाही. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडायचा) खटका दाबून धरला तरी हँडल कणभर हलत नाही. बाजारातला एक मेस्त्री बघायला आला होता. त्याने हँडलला चार फुटी पाइप घातला आणि वर उभा राहायला निघाला, तेव्हा मीच थांबवलं. बरोबर केलं ना?

आणि ऑइलचं काय? इंजिनात कुठलं, गिअर बॉक्समध्ये कुठलं, साखळीच्या पेटीत कुठलं, ग्रीस कुठे मारायचं? तीन दुकानांत विचारलं, तिघांनी तीन डबे पुढे केले. कुणी हे काम स्वतःच्या हाताने केलं असेल तर सविस्तर सांगा.

चौदाचा पाना:

थांबवलंत ते उत्तम केलंत. पाइप घालून जोर लावला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकला असता. मी तीस वर्षं डिझेल इंजिनं खोलतोय. उभ्या राहिलेल्या इंजिनात बहुतेक वेळा रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजाने धरतात. हे काम सबुरीचं आहे.

आधी बेल्ट काढा, म्हणजे गिअर बॉक्सचा भार राहणार नाही. मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढा. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल ऑइल निम्मं-निम्मं करून सिरिंजने त्या भोकातून आत सोडा, पाऊण कप पुरे. पण तुमचा सिलिंडर आडवा आहे. नुसतं ओतलंत तर ते खालच्या बाजूला साचतं आणि वरची बाजू कोरडी राहते. म्हणून हेडची (सिलिंडरच्या झाकणाची) बाजू वर येईल अशा बेताने टिलरला लाकडी ठोकळे लावून तिरका करा. नीट टेका, वजनदार यंत्र आहे, एकट्याने करू नका. दोन दिवस तसंच राहू द्या, संध्याकाळी थोडं वाढवा.

तिसऱ्या दिवशी हँडलला हात लावू नका. फ्लायव्हील (इंजिनचं बाजूचं जड चाक) दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे डोलवा. केसभर जरी हललं तरी काम झालं म्हणून समजा. एकाच दिशेला ओढायचं नाही. आठवडा लागला तरी लागू द्या. त्यातूनही नाहीच हललं तर हेड उतरवावं लागेल, पण ती वेळ बहुधा येणार नाही.

सुटल्यावर लगेच चालू करायचा मोह टाळा. नोझल बाहेर असतानाच पंचवीस-तीस फेरे मारून आतलं सगळं बाहेर फेकू द्या. भोकासमोर तोंड किंवा हात नको. सिलिंडरमध्ये पातळ ऑइल उरलं तर पहिल्याच फटक्याला रॉड वाकतो, नाहीतर इंजिन तेच ऑइल पेटवून बेफाम पळतं आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा हवेच्या नळीचं तोंड झाकेल एवढी फळी हाताशी ठेवा. इंजिन पळालं तर फळी दाबून हवा तोडायची, तळहात लावायचा नाही.

ऑइल साधं आहे. इंजिनात डिझेल इंजिनचं १५डब्ल्यू-४०, ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. भिजवलेलं डिझेल खाली झिरपतं, म्हणून आत्ताचं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी काढून टाका. एअर क्लीनरची वाटी रॉकेल किंवा डिझेलने धुऊन त्यातही इंजिन ऑइलच, खुणेपर्यंत आणि थेंबभरही वर नाही. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. गिअर बॉक्स आणि साखळीच्या पेटीत ९० नंबरचं गिअर ऑइल घाला, डब्यावर जीएल-४ लिहिलेलं बघून. जीएल-५ मधली रसायनं जुन्या पितळी बुशांना बाधू शकतात. ग्रीस साधं एपी-३.

आणि ऑइल कुठे लावायचं नाही तेही लक्षात ठेवा. बेल्ट, पुल्या आणि मुख्य क्लचच्या प्लेटा. मुख्य क्लच कोरडा असतो. तिथे ग्रीस उडालं तर टिलर चिखलात जागच्या जागी गुरगुरत राहील.

तरवा:

मी राजापूरकडची. आमचा टिलर मी स्वतः चालवते, म्हणून गिअर बॉक्सबद्दल सांगते. दादा, ते पाणी मांगरात उभ्या उभ्या शिरलेलं नाही, बाबांच्या शेवटच्या चिखलणीतच शिरलं असणार.

गिअर बॉक्सच्या वरच्या टोपीला एक बारीक भोक असतं, हवा जायला-यायला. काम करताना ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि त्या भोकातून बाहेर पडते. भोक चिखलाने बुजलं की ती हवा ऑइल सीलमधून वाट काढते. मग गरम टिलर पाण्याच्या कुणग्यात थांबवला की पेटी एकदम थंड होते आणि त्याच सीलमधून चिखलाचं पाणी आत ओढून घेते. नवीन सील घातले आणि भोक तसंच राहिलं तर पुन्हा हेच होणार. आमचं एका मोसमात दोनदा झालं, तेव्हा कुठे कळलं.

सगळं ऑइल काढा. स्वस्तातलं इंजिन ऑइल निम्म्यापर्यंत भरा, चाकं उचलून हाताने फिरवा, काढा. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा करा. नंतर एक्सलचे आणि रोटरचे सील बदलून घ्या. जुना सील पुसलात की त्यावर तीन आकडे दिसतील: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, कंपनीचं नाव लागत नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवा सील किंचित आत-बाहेर सरकवून बसवा.

रोटरची पाती काढणार असाल तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डावी आणि उजवी वेगळी असतात. उलटी लागली तर टिलर हातात नुसता आपटत राहतो.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी):

मंडळी, इंजिन सुटलं!

सहाव्या दिवशी संध्याकाळी फ्लायव्हील बोटभर हललं. आतून 'चर्र' असा वाळू घासल्यासारखा आवाज आला. हाताला कळलं तेव्हा मी आईला हाक मारली. पुढचे दोन दिवस डोलवत राहिलो, आता पूर्ण फिरतंय. नोझल काढून चाळीस फेरे मारले, भोकातून तांबडं-काळं पाणी उडालं, शेवटी कोरडी हवा येऊ लागली.

ताई, ते भोक खरंच बुजलेलं होतं, वाळून दगड झालेला चिखल. बाबांच्या हत्यारांच्या डब्यात टोक घासून बारीक केलेला सायकलचा एक स्पोक आहे. मी तो दोनदा फेकायला काढला होता. त्या भोकात तो अगदी बरोबर जातो. दर संध्याकाळी टिलर धुताना बाबा टोपीपाशी वाकून काहीतरी करायचे, ते हेच होतं. शेवटच्या वर्षी त्यांना वाकवत नव्हतं. आता तो स्पोक तारेने हँडललाच बांधून ठेवलाय.

सील बदलले, गिअर बॉक्स तीनदा धुतला. टाकीतलं जुनं डिझेल काढलं तर तळाला बोटभर पाणी होतं. फिल्टर नवा घातला, पंपाचा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. काल सकाळी सातव्या हँडलला इंजिन लागलं. फळी घेऊन चुलत भाऊ शेजारी उभा होता, पण गरज पडली नाही. आधी पांढरा धूर, पाच-सात मिनिटांत विरळ झाला. पंधरा मिनिटं चालवून, गरम असतानाच ऑइल काढून नवीन भरलं.

एक गोष्ट राहिलीय. डावीकडे वळायचा क्लच दाबला की लिव्हर दाबलेलीच राहते, सोडल्यावर परत येत नाही. आतलं काही गेलंय का? गिअर बॉक्स फोडावा लागेल?

चौदाचा पाना:

लगेच फोडू नका. खालच्या टोकाला केबल सोडवा आणि गिअर बॉक्सवरची छोटी लिव्हर हाताने हलवून बघा. स्प्रिंगने झटकन परत आली तर आत सगळं ठीक आहे, केबल गंजलीय. वरचं टोक सोडवून केबल उभी टांगा, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी नरसाळ्यासारखी बांधून त्यात इंजिन ऑइल घाला आणि रात्रभर उतरू द्या. खालून थेंब पडू लागला की झालं. तार उसवलेली दिसली तर नवीनच घ्या. उतारावर तीच तुटली तर टिलर आवरत नाही.