‘चल रे भोपळ्या’तला भोपळा: आमच्याकडे काय लिहावं?

आर्वीकडची शिक्षिका
गावातल्या बायांच्या तोंडच्या गोष्टी पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी लिहून काढते आहे. हाताने शिवलेली छोटी पुस्तकं, शाळेपुरतीच. परवा म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली, चित्रं काढायला लावली, तर बऱ्याच लेकरांनी लांबट हिरवी लवकी काढली. एक पोरगी म्हणे, “मॅडम, लवकीत बुढी बसन कशी?” खरंच आहे. इथे भोपळा म्हटलं की दुधी. ज्याचे आपण बोंडं तळतो, ते कोहळं. मग ‘चल रे कोहळ्या टुणुक टुणुक’ लिहू का? म्हणायला ठेका कुठेच अडत नाही. पण आमच्या शाळेतल्या एका सरांना ते पटत नाही. पुढच्या वर्गात प्रमाण शब्दच लागणार, म्हणतात.

पुण्यात राहणारा
ताई, सरांचं बरोबर आहे. कोहळा म्हणजे ज्याचा पेठा होतो तो, राखी-पांढऱ्या सालीचा. दारावर बांधतात तो. लाल भोपळ्याला कोहळा म्हणणं ही बोलीतली चूक आहे. ती छापून पक्की करू नये.

मोर्शीकर
चूक? दादा, कूष्मांडापासून कोहळा झाला आणि तो मूळचा पेठ्याचाच, हे मान्य. पण लाल भोपळा अमेरिकेतला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतरच तो जगभर गेला. आपल्या भाषेत त्याला स्वतःचं नावच नव्हतं. तुम्ही त्याला दुधीचं नाव दिलं, आम्ही पेठ्याच्या फळाचं. खानदेशात तो डांगर झाला, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. नवीन आलेल्याला सगळ्यांनीच घरातलं जुनं नाव दिलं. मग एकट्या आमचंच चुकलं कसं?

पुण्यात राहणारा
भोपळा हे दुधीचं नाव कशावरून?

मोर्शीकर
तंबोऱ्याचा भोपळा आठवा. पोहायला शिकताना पाठीला बांधायचे तो आठवा. वाळवलेला, आतून पोकळ. तो या दुधीच्याच जातीतला, फक्त पोट गोल.

साकोलीचा
मग मॅडम, तुमच्या लेकरांनी बरोबरच काढलं की! आमच्या झाडीपट्टीत रोवण्याच्या दिवसांत बांधीवर पाणी न्यायला तुंबा असायचा. तोही हाच, वाळवून कोरलेला. माझी आजी गोष्ट सांगायची त्यात बुढी तुंब्यातच बसायची. विचार करा, लाल भोपळा ओला, जड, गराने भरलेला. त्यात माणूस शिरणार कसा आणि तो गडगडणार कसा? वाळलेला तुंबा हलका, पोकळ, उतारावर सोडला की उड्या मारत जातो. ‘टुणुक’ त्यालाच शोभतं. माझं तर ठाम मत आहे, गोष्ट लाल भोपळा इकडे येण्याआधीची आहे. चित्रकारांनी तो मागून घुसवला.

अकोल्याची वाचक
साकोलीच्या भाऊंचं पटतंय. पण शब्दाच्या आधी आवाज बघा ना. आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोया, शाया, तसं कोहयं. आई म्हणायची, “चाल रे भोपया.” ‘चल’ नाहीच. आणि तिची बुढी वाघाला सांगायची, “लेकीकडे जातो, तूपरोटी खातो.” बाई असून जातो, खातो! आमच्याकडे बाया तसंच बोलतात. बाई, तुम्ही लिहिताना ‘जाते, खाते’ केलं असेल तर तेही परत बघा.

साकोलीचा
आमच्याकडे ‘ळ’चा ‘र’. डोरा, शारा.

आर्वीकडची शिक्षिका
केलंय हो ‘जाते’. हात आपोआप तसाच वळला. सांगणाऱ्या आजी मात्र ‘जातो’च म्हणाल्या होत्या. माझ्या टाचणात तसंच आहे. आता पुरी वही पुन्हा तपासावी लागेल.

पुण्यात राहणारा
लेकरू आधीच अक्षरओळखीशी झगडतं. त्याला घरी एक, पुस्तकात एक, परीक्षेत तिसरं असं केलं तर त्याचंच नुकसान. मी स्वतः खामगावकडून आलो. वर्गात ‘मले’ म्हटल्यावर सगळे हसले होते, ते अजून विसरलो नाही. म्हणून बोलतो, बोलीचा राग म्हणून नाही.

अकोल्याची वाचक
दादा, हसणारे चुकले होते, ‘मले’ नाही.

मोर्शीकर
मला मात्र ‘तूपरोटी’ खटकते. ज्वारीची असेल तर भाकर, गव्हाची असेल तर पोळी. रोटी कुठून आली? सातपुड्याच्या पलीकडून, बैतूल-छिंदवाड्याच्या बाजूने गोष्ट उतरली असावी. मोर्शी-वरूडकडे तिकडची सोयरीक जुनी आहे.

साकोलीचा
आमच्याकडे तांदळाच्या पिठाचीही रोटीच म्हणतात.

आर्वीकडची शिक्षिका
आजींना काल विचारलं, रोटी म्हणजे कशाची? म्हणाल्या, “लेकीच्या घरची.” भोपळ्याचं विचारायचं राहूनच गेलं. त्या वाती वळत बसल्या होत्या, मग दुसरीच गोष्ट निघाली, साळुंकीची. ‘साळुंकी’ला तुमच्याकडे काय म्हणतात?