माशांच्या टाकीतल्या हीटरला नुसता स्मार्ट प्लग पुरत नाही

एकाने विचारलंय, माशांच्या टाकीतला हीटर फक्त स्मार्ट प्लगने (आपोआप चालू-बंद करता येणाऱ्या प्लगने) सांभाळता येईल का? नको. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा भाग) २६ अंशांवर राहू द्या, प्लग हा केवळ राखणदार. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटले की हीटर बंदच होत नाही, मासे अक्षरशः उकडतात. म्हणून डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर (वॉटरप्रूफ) हीटरपासून लांब बुडवा, त्याची डेटा वायर आणि ३.३ व्होल्टची वायर यांच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. सेन्सरचं रीडिंग २८ अंशांच्या वर गेलं की प्लग बंद. रीडिंग अचानक ८५ किंवा उणे १२७ आलं तर ते तापमान नव्हे, बहुधा वायरिंगची बोंब आहे! ते वगळा, पण पाच मिनिटं धड रीडिंग नसेल तर हीटर बंदच ठेवा. टाकीचा फिल्टरही स्मार्ट प्लगवर असेल, तर वीज जाऊन परतल्यावर तो प्लग आपोआप सुरू व्हायला हवा, ते सेटिंग आधी तपासा.