भाऊ आलाय राहायला, संभाजीनगरात त्याला कुठं कुठं नेऊ?

परभणीची_ताई
नमस्कार मंडळी, मी परभणीची, नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला नवीनच आलेय, सिडकोत वरच्या मजल्यावर खोली घेतलीय. ऑफिसातली ओळख ऑफिसापुरतीच, आणि मे लागल्यापासून तर शेजारचे पण गावाकडं गेले, जिन्यात सगळीकडं कुलपं. कामावरून आलं की आईला फोन, जेवण आणि मोबाईल, एवढंच चालू होतं. आता बारका भाऊ आलाय, दहावीची परीक्षा झाली, निकालाची वाट बघायलाय. मराठवाडा एक्सप्रेसनं एकटाच आला, सोबत घरच्या झाडाच्या कैऱ्या आणि आईनं करून दिलेलं येसर.

इतकं बरं वाटायलंय ना, कुणाला तरी सांगावंच वाटलं. आमच्याकडं नळाला पाणी कधीतरीच येतं, ते पण रात्री-अपरात्री, तर हा झोपेतून उठून पाईप लावतो, मला उठवत पण नाही. सकाळी बघते तर ड्रम, घागरी, बादल्या सगळं काठोकाठ आणि कूलरची टाकी पण भरलेली. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून ठेवतो, फरशी निवली की तिथंच गाद्या टाकतो आणि मग दोघांच्या गप्पा संपतच नाहीत. मी शिकायला हॉस्टेलला गेले तेव्हा तो तिसरीत होता, म्हणजे तो मोठा होताना मी घरी नव्हतेच. त्याला डिप्लोमाला जायचंय हे मला आत्ता इथं गच्चीवर कळलं!

तर प्रश्न असा की मला सुट्टी शनिवार-रविवार, बाकी दिवस संध्याकाळी सहानंतर मोकळी. स्कूटी आहे. ऊन तर बघायलाच आहात तुम्ही, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. वेरूळ करायचंच आहे, ते कसं करू आणि अजून काय दाखवू?

टीव्हीसेंटरवाला
वेरूळ उन्हाळ्यात सकाळीच उरकायचं ताई, नंतर दगड तापतो आणि पाय भाजतात. शहरापासून तीसेक किलोमीटर आहे, उजाडायच्या आत निघा, दौलताबादवरून छान रस्ता आहे. आधी सरळ सोळा नंबरचं कैलास लेणं गाठा, गर्दीच्या आत तिथं पोचण्यात खरी मजा. आत जायच्या आधी भावाला एक सांगून ठेवा की हे दगड रचून बांधलेलं नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी शिखर आणि मग पाया. हे माहीत असलं की पोरं खालच्या हत्तींच्या रांगेपाशी उभी राहून वर बघतच राहतात. मग दहा नंबर, तिथं छताला लाकडाच्या वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरल्यात आणि आत गारवा असतो, निवांत बसा थोडा वेळ. चौतीसच्या चौतीस बघायचा हट्ट मे महिन्यात नको. वेरूळला मंगळवारी सुट्टी असते आणि अजिंठ्याला सोमवारी, पण तुमचं रविवारचं जमतंय. दौलताबादचा किल्ला मात्र या उन्हात चढू नका, तो हिवाळ्यासाठी राखून ठेवा, म्हणजे भावाला परत यायला कारण पण राहील. म्हैसमाळ पण आता नाही, ते पावसाळ्यातच बघावं.

दिल्लीगेटकरीण
मी जन्मापासून इथलीच गं. संध्याकाळचा बीबी का मकबरा कर, ऊन उतरल्यावर. लोक ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात ते मला अजिबात पटत नाही, औरंगजेबाच्या बायकोची, दिलरस बानूची कबर आहे ती, आणि आत गेलं की संगमरवरी जाळीवरून वाकून खाली बघायचं, कबर खालच्या पातळीवर आहे, आपण वर उभे. ती जाळी बारकाईनं बघ. एखाद्या सकाळी विद्यापीठामागची औरंगाबाद लेणी पण बघा, तिथं फार कुणी येत नाही. तीन नंबरच्या लेण्यात बुद्धापुढं गुडघे टेकून, हात जोडून बसलेली माणसं कोरलीत, बाया पण आणि पुरुष पण, खऱ्या माणसाएवढी. त्यांचे केस, दागिने बघत बसलं की वेळ जातोच. शिवाय डोंगरावरून सगळं शहर दिसतं. खाणारा असेल भाऊ तर जुन्या शहरात नान खलिया आणि गुलमंडीवर गरम इमरती, हे दोन्ही झालंच पाहिजे.
आणि कैऱ्या आणल्यात म्हणतेस तर तक्कू करतेस का? तुमच्या परभणीकडं कसा करतात सांग.

नांदेडचा_दादा
सगळे फिरायचं सांगायलेत, चांगलंच आहे, पण पोरगं कैलास लेणं बघायला आलेलं नाही, तुमच्याकडं आलंय. माझी बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली, आता भेट म्हणजे लग्नकार्यात, तिथं मांडवात कोण कुणाशी बोलतं हो. म्हणून सांगतो, रोज कुठं ना कुठं न्यायची घाई करू नका, भाजी आणायला, स्कूटीत पेट्रोल टाकायला, सगळीकडं सोबत न्या, गच्चीवरच्या गप्पा तर अजिबात बुडवू नका. आणि डिप्लोमाचं म्हणतोय तर उस्मानपुऱ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, कामाच्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून एकदा आवारात फिरवून आणा. कुठल्या कुठल्या शाखा आहेत, प्रवेश कसा होतो ते तिथंच विचारता येईल. तुमची खोली इथंच आहे म्हटल्यावर घरचे पण लवकर तयार होतील.

परभणीची_ताई
दादा, हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आत्ताच त्याला वाचून दाखवलं, काही बोलला नाही पण लगेच मोबाईलवर रस्ता शोधायलाय इथून उस्मानपुऱ्याचा. गुरुवारी अर्धी सुट्टी टाकते. शनिवारी संध्याकाळी मकबरा आणि तिथून गुलमंडी, रविवारी अंधारातच वेरूळ. सगळ्यांचे मनापासून आभार.

दिल्लीगेटकरीण, तक्कू आमच्याकडं असा: कैरी सोलून किसायची, कांदा पण किसून किंवा अगदी बारीक चिरून, त्यात मीठ, लाल तिखट आणि कैरीच्या आंबटपणाच्या मानानं गूळ. तेलात मोहरी, मेथ्या, हिंग, हळद अशी फोडणी करून पूर्ण गार झाल्यावरच वरून घालायची, गरम घातली तर चव जाते. धपाट्यासोबत खाऊन बघ.