उत्तर: उत्तर: रिप्लेची सहल + गोधडीचे चौकोन (सर्वांनी वाचा)

मेधा (मराठी शाळा, मधला गट):
मंडळी, रविवारच्या वर्गासाठी गोधडीचे चौकोन कापून तयार आहेत. कात्र्या आणि गम घरून पाठवा. सुया नकोत, दिवाळीच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेलच. प्रत्येक मूल एकेक खूण चिकटवेल: पाना, गाडीचं चाक, तारा. अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्यांवरच्या खुणा ओळखून गुलाम पळायचे, हे असं हातानं केलं की डोक्यात बसतं. त्याच्या पुढच्या शनिवारी रिप्ले, म्हणजे पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारं ओहायोतलं नदीकाठचं गाव. गाड्या कोण काढणार ते लगेच कळवा.

सुहास:
मेधाताई, चौकोन करा, पण हा इतिहास म्हणून सांगू नका. गोधडीच्या खुणांना त्या काळातला पुरावा नाही. ही गोष्ट १९९९च्या एका पुस्तकामुळे घरोघरी पोचली. खरे कागद आहेत ना! पळालेल्या गुलामांना मदत करणारा विल्यम स्टिल फिलाडेल्फियात आलेल्या प्रत्येकाला नाव, गाव, मालक, मागे राहिलेली माणसं विचारून टिपून ठेवायचा. १८७२ साली त्यानं ते छापलं. हेन्री ब्राउन हा गुलाम १८४९ मध्ये रिचमंडहून लाकडी खोक्यात बसून पार्सलनं फिलाडेल्फियाला आला, २७ तास. मुलांना हे सांगा, गोधडी कशाला?

मेधा:
सुहासदादा, मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत, पीएचडीला नाही बसलेली. त्यांच्या इंग्रजी शाळेतही हेच करून घेतात. आणि हे शाळा समितीत ठरलंय. त्या मीटिंगला तुम्ही होतात, कॅमेरा बंद करून.

अविनाशकाका:
पळालेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या रँकिनच्या रिप्लेतल्या घराला म्हणे नदीपासून शंभर पायऱ्या आहेत. ज्येष्ठांचं काय? मागच्या सहलीत माझ्या गुडघ्याचा विचार कोणीही केला नव्हता. बाकी, जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे मुलांना सांगणार आहात की नाही? मराठी शाळा आहे म्हणून विचारतो.

वर्षा:
काका, गाडी वरपर्यंत जाते. पायऱ्या हौसेनं चढायच्या.
मला वेगळीच काळजी आहे. ‘मुलांना अंधारात लपवून ठेवू, कोणीतरी शोधायला येईल’ असा खेळ पालकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. कृपया नको. माझ्या धाकट्याच्या शाळेत असंच केलं होतं. निम्मी मुलं खिदळत होती आणि वर्गातली एकुलती एक काळी मुलगी कोपऱ्यात गप्प उभी होती. घरी येऊन त्यानंच विचारलं, ‘तिला का नव्हतं खेळायचं?’ गोधडीनं निदान असलं काही होत नाही.

सुहास:
वर्षाताई, खेळाला माझाही विरोध. पण रिप्लेला जातोच आहोत तर नदीकाठच्या जॉन पार्करचं घर बघू. लहानपणी विकला गेलेला माणूस. ओतशाळेतल्या मजुरीतून १८०० डॉलर भरून १८४५ मध्ये त्यानं स्वतःला सोडवलं. पुढे रिप्लेत स्वतःची ओतशाळा काढली आणि रात्री होडी घेऊन ओहायो नदीपलीकडे, गुलामगिरी असलेल्या केंटकीत गुलामांना सोडवून आणायला जायचा. तिथल्या एका गुलाम जोडप्यानं पळू नये म्हणून मालक त्यांचं तान्हं बाळ रात्री आपल्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचा. शेजारी खुर्चीवर पिस्तुलं. पार्कर त्या खोलीत शिरला, बाळ उचललं आणि धूम ठोकली. आठ वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं?
शिवाय नदी ओलांडली की सुटका, असंही नव्हतं. १८५०च्या कायद्यानं पळालेल्याला ओहायोतूनही धरून नेता यायचं, आणि मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड नि सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणून पुढे कॅनडा. त्यात कमिशनरनं, म्हणजे निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यानं, माणूस मालकाकडे परत पाठवला तर त्याला १० डॉलर फी, सोडला तर ५.

खजिनदार:
१० आणि ५ चं वाचून बरं वाटलं नाही. असो. कापडाची पावती अजून माझ्याकडे आलेली नाही. पावतीशिवाय पैसे नाहीत, हा नियम गणपतीपासून आहे. ढोलाचा हिशेबही बाकी आहे, संबंधितांना माहीत आहे.

मेधा:
पावती पाठवली आहे, स्पॅम बघा.
सुहासदादा, पार्करची गोष्ट रविवारी तुम्हीच येऊन सांगा. मराठीत, आणि वीस मिनिटांत. कापड फुकट जाऊ देणार नाही. चौकोनावर खुणांऐवजी मुलं स्टिलच्या नोंदींतलं एकेक नाव आणि कुठून निघाला ते गाव लिहितील. ती यादी शुक्रवारपर्यंत तुम्ही द्यायची, देवनागरीत. कापडावरचे मार्कर कोणाकडे आहेत?

अविनाशकाका:
अर्पणपत्रिकेचं उत्तर मिळालं नाही.

वर्षा:
काका, बसमध्ये तुम्हीच वाचून दाखवा ना.

खजिनदार:
बस? बस कोणी मंजूर केली?

नितीन:
माझ्या व्हॅनमध्ये तीन जागा आहेत, बूस्टर सीट तुमची तुम्ही आणा. सकाळी आठला निघणार, मराठी आठला नाही.